इंग्लंडच्या खेड्यात पूर्वज शोधताना: पॅरिशच्या नोंदवह्या, गरिबांचे कागद आणि शेतांचे नकाशे

इंग्लंडमधल्या खेड्यांच्या वंशावळीत सगळ्यात जास्त चुका एकाच कारणाने होतात: नाव जुळलं की शोध थांबतो. अठराव्या शतकातल्या तीनचारशे वस्तीच्या गावात पुरुषांची नावं मोजकीच असायची. विल्यम, जॉन, थॉमस, जेम्स, जॉर्ज, रिचर्ड यांतच बहुतेक गाव संपायचं, आणि आडनावंही पंधरावीसच. त्यामुळे हवं ते नाव हमखास सापडतं, एकाऐवजी तीन सापडतात. त्यांतला आपला कोण हे ठरवायला या लेखातला जास्त वेळ जाणार आहे.

हे काम मराठी वाचकांपुढे दोन वाटांनी येतं. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या घरात सून किंवा जावई इंग्रज असतो आणि नातवंडांची दुसरी बाजू लिहून ठेवायची असते. किंवा खडकी, देवळाली, इगतपुरी, भुसावळ अशा लष्करी-रेल्वे वस्त्यांतल्या एखाद्या अँग्लो-इंडियन घराण्याचा मूळ पुरुष इंग्लंडातून आलेला असतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या बाडात एका कुळाच्या पिढ्या सलग सापडतात, तसं इंग्लंडात काही नाही. तिथली वही गावाची असते आणि घडलेल्या प्रसंगांच्या क्रमाने भरलेली असते. कुटुंब आपणच जुळवायचं.

आधी गाव पक्कं करा

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला प्रदेश. त्यात एक गाव असेल किंवा मुख्य गाव आणि चारपाच वाड्या असतील. वाडीला स्वतःचं छोटं चॅपल असलं तर तिची वेगळी वही असू शकते, पण लग्नं आणि दफनं मुख्य चर्चमध्येच व्हायची असंही दिसतं. म्हणून ‘इथे नोंद नाही’ म्हणण्याआधी त्या पॅरिशमध्ये कुठकुठली प्रार्थनास्थळं होती ते बघा. जेन्यूकी या मोफत संकेतस्थळावर कौंटीनुसार (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रत्येक पॅरिशचं पान मिळतं.

न्यूटन, सटन, नॉर्टन ही गावं जवळजवळ प्रत्येक कौंटीत आहेत, त्यामुळे कौंटीशिवाय गावाचं नाव निरुपयोगी. त्यात कौंट्यांच्या सीमा बदललेल्या. व्हाइट हॉर्स खोऱ्यातलं अफिंग्टन १९७४ पर्यंत बर्कशरमध्ये होतं, आज ते ऑक्सफर्डशरमध्ये आहे. जुने कागद मात्र बर्कशरचं अभिलेखागार जिथे आहे त्या रेडिंगमध्ये शोधायचे. पूर्वज जगला त्या काळची कौंटी कोणती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गावच ठाऊक नसेल आणि माणूस मुंबई इलाख्यात सापडत असेल, तर सुरुवात ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरापासून. इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जायच्या. मुंबईची मालिका एन/३ आहे आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर ती बघता येते. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस संस्थेची मोफत सूचीही आहे. खडकीतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाची पलटण आणि हुद्दा कळतो, मूळ गाव बहुधा कळत नाही. ब्रिटिश फौजेतला शिपाई असेल तर पुढची पायरी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली डब्ल्यूओ ९७ मालिका. निवृत्त शिपायांच्या या कागदांत ‘अमुक पॅरिशमध्ये, तमुक शहराजवळ, अमुक कौंटीत जन्म’ असं वाक्यच असतं. नोकरीत असतानाच वारलेल्यांचे कागद मात्र त्यात सहसा नसतात.

१८३७ पर्यंत मागे: दाखले आणि जनगणना

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. अलीकडच्या पक्क्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं. उडी मारायची नाही.

जीआरओच्या, म्हणजे सरकारी मुख्य नोंदणी कार्यालयाच्या, ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिसतं. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या तिसऱ्या तिमाहीपासूनच आहे, म्हणून जन्मासाठी आधी जीआरओची सूची बघा. मृत्यूच्या बाबतीतही तसंच: छापील सूचीत वय १८६६ पासून येतं, ऑनलाइन सूचीत सुरुवातीपासून. फ्रीबीएमडी हे मोफत सूचीचं संकेतस्थळ मात्र लग्नांसाठी फार सोयीचं आहे, कारण एकाच पानावर नोंदलेली नावं तिथे एकत्र दिसतात. सूचीतली तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. नोंदणीला बेचाळीस दिवसांची मुदत असल्याने डिसेंबरातलं मूल मार्चच्या तिमाहीत सापडणं अगदी नेहमीचं. १८७५ च्या आधी नोंदणी टाळणाऱ्यावर फारसा बडगा नव्हता, म्हणून त्या काळातली काही मुलं सूचीत नसतातच; त्यांचा बाप्तिस्मा शोधावा.

दाखला हातात आल्यावर तो संशयाने वाचा. लग्नाच्या दाखल्यावर ‘पूर्ण वय’ याचा अर्थ एवढाच, की एकवीस किंवा जास्त. वधूवरांच्या वडिलांचं नाव असतं, आईचं २०२१ पर्यंत नव्हतंच. अनौरस वर कधीकधी आजोबांचं किंवा काल्पनिक बापाचं नाव सांगून मोकळा व्हायचा. वडिलांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलेलं नाही म्हणून ते जिवंत होते असं धरू नका. जन्मदाखल्यावर तारखेबरोबर वेळही लिहिली असेल तर जुळ्यांची शक्यता तपासा.

जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी, नावानिशी उपलब्ध आहे. १८४१ ची वेगळी वाचावी लागते. त्यात पंधरा वर्षांवरच्यांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणलेलं असतं, म्हणजे ३५ लिहिलेला माणूस ३५ ते ३९ मधला कुणीही असू शकतो. घरातलं नातं दिलेलं नसतं, आणि जन्म त्याच कौंटीत झाला का याचं फक्त हो-नाही असतं. १८५१ पासून नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माची पॅरिश मिळते. ती गणना ३० मार्चच्या रात्रीची. तिच्यात ४७ वर्षांचा असलेला माणूस, वय खरं सांगितलं असेल तर, ३१ मार्च १८०३ ते ३० मार्च १८०४ या काळात जन्मलेला. प्रत्येक गणनेतून असा जन्माचा पट्टा काढा. सगळे पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे शोध सुरू करा.

जन्मगाव दर गणनेत बदलताना दिसलं तर दचकू नका. माणूस दूर राहायला गेला की जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगतो, घराजवळ असला की वाडीचं. त्यामुळे पाचसहा गणनांतलं सगळ्यात लहान नाव बहुधा सगळ्यात खरं. १९११ च्या तक्त्यात विवाहित बाईला झालेली एकूण मुलं, हयात आणि मृत असे रकाने आहेत. कुठल्याच गणनेत न सापडलेलं तान्हं मूल त्या आकड्यावरून कळतं. सध्या पाहता येणारी शेवटची गणना १९२१ ची. १९३१ ची जळाली, १९४१ ची झालीच नाही, त्यामुळे मधल्या पोकळीत महायुद्ध सुरू होताना झालेल्या नागरिक-नोंदणीचं सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर कामी येतं.

नोंदवही वाचायची कशी

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावलं. सुरुवातीच्या वह्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायचा आदेश निघाला, ‘विशेषतः एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून’ अशा शब्दांत. या सवलतीचा फायदा घेऊन अनेकांनी आधीची वीस वर्षं सोडून दिली, म्हणून इतक्या वह्या १५५८ पासून सुरू होतात. त्याच आदेशाने दरवर्षी बिशपकडे एक नक्कल पाठवणं सुरू झालं. या बिशपच्या नकला विसरू नका. मूळ वही कसरीने, ओलीने किंवा निष्काळजीपणाने गेली असेल तिथे नक्कल उरते. दोन्ही असतील तर दोन्ही बघा, कारण नक्कल करणाऱ्याने कधी एखादी नोंद गाळलेली असते, तर कधी व्यवसायासारखा जास्तीचा तपशील घातलेला असतो.

१६४३ ते १६६० या यादवीच्या आणि प्रजासत्ताकाच्या काळात बहुतेक ठिकाणी खंड पडतो. १६५३ नंतरची काही वर्षं बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहिलेली असते आणि लग्नं न्यायाधीशापुढे झालेली असतात.

तारखांचा घोळ याहून त्रासदायक. १७५१ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. वहीतला फेब्रुवारी १७२० म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१. तो कायम १७२०/२१ असा लिहा, नाहीतर लग्न मे १७२० मध्ये आणि मूल फेब्रुवारी १७२० मध्ये, असा उलटा प्रकार दिसतो. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

१७३३ पर्यंत लॅटिनही भेटते, पण साच्यातली. फिलियस म्हणजे मुलगा, फिलिया मुलगी, उक्सोर बायको, विदुआ विधवा, सेपुल्टस दफन झालेला. नावं लॅटिन केलेली असतात: याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. खरी कसोटी अक्षराची लागते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ‘सेक्रेटरी’ नावाच्या हस्ताक्षराच्या वळणात ‘सी’ हे ‘आर’सारखं दिसतं, लांब ‘एस’ ‘एफ’सारखा, आणि दोन लहान ‘एफ’ म्हणजे एक मोठा ‘एफ’. उपाय एकच: त्याच कारकुनाच्या हातच्या, आपल्याला ठाऊक असलेल्या नावांतून (महिने, गावाचं नाव, जॉन, मेरी) एकेक अक्षर उचलून तक्ता बनवायचा आणि अडलेला शब्द त्यावरून लावायचा. संक्षेपांत फसगत होते ती ‘जेएनओ’ला. ते जॉन आहे, जोनाथन नव्हे. ‘एक्स’ने सुरू होणारं नाव बहुधा ख्रिस्तोफर. बायकांच्या बाबतीत पॉली म्हणजे मेरी, सॅली म्हणजे सारा, नॅन्सी म्हणजे अ‍ॅन, पेगी म्हणजे मार्गारेट, आणि एस्थर-हेस्टर एकच.

कायद्यांमुळे वहीचं रूप दोनदा बदललं. हार्डविकच्या विवाह-कायद्याने २५ मार्च १७५४ पासून लग्नांची वेगळी वही आली. वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, किंवा सही न येणाऱ्यांच्या फुल्या त्यात असतात. क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना, इतर पंथांच्या लोकांनासुद्धा, १८३७ पर्यंत पॅरिश चर्चमध्येच लग्न करावं लागे. मुलांचा बाप्तिस्मा मात्र ते आपल्या चॅपलमध्ये करत. लग्न सापडतं आणि मुलं सापडत नाहीत तेव्हा नॅशनल आर्काइव्ह्जच्या आरजी ४ मालिकेत पाहा. साक्षीदारांत दर लग्नाला तेच नाव असेल तर तो चर्चचा कारकून, नातेवाईक नव्हे. १ जानेवारी १८१३ पासून छापील रकाने आले: बाप्तिस्म्यात आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा, दफनात वय. त्याआधीच्या दफनात अनेकदा नुसतं नाव असतं, म्हणून १८१३ च्या अलीकडचा प्रत्येक दुवा सोपा आणि पलीकडचा अवघड.

मध्येच १७८३ ते १७९४ अशी अकरा वर्षं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. गरिबांना माफी होती, म्हणून नावापुढे ‘पी’ लिहिलेलं दिसतं. करामुळे कुणी बाप्तिस्मा पुढे ढकलला, कुणी आधीच उरकून घेतला. एकाच दिवशी एका घरच्या चार भावंडांचा बाप्तिस्मा दिसला तर ती चौळी नसतात. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे, हे अशा वेळी डोक्यात ठेवावं.

बॅन्स म्हणजे तीन रविवार चर्चमध्ये वाचलेली लग्नाची सूचना. ती लग्न झाल्याचा पुरावा नाही. पण वर दुसऱ्या गावचा असेल तर त्याचं गाव तिथे लिहिलेलं असतं, आणि सूचना दोन्ही गावांत वाचली जायची.

तीन विल्यम्समधला आपला कोणता

समजा, गणनेवरून विल्यमचा जन्म १८०३-०४ चा निघतो आणि त्या गावात १८०१, १८०३ आणि १८०५ असे तीन बाप्तिस्मे आहेत. १८०३ चा उचलून पुढे जाणं हीच ती नेहमीची चूक. करायचं ते असं.

आडनावाच्या सगळ्या नोंदी, साधारण १७०० ते १८४० पर्यंतच्या, स्प्रेडशीटवर उतरवा: तारीख, प्रसंग, नाव, बाप, आई, राहण्याची जागा, धंदा, शेरा आणि वहीचं पान. आडनावाची सगळी रूपं धरा, कारण लिहिणारा कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. मग नकाशावर गावाभोवती पंधरा मैलांचं वर्तुळ काढा. शेतमजूर वरचेवर गाव बदलायचे, पण चालत जाता येईल एवढ्यातच. बहुतेक ठिकाणी मायकेलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरच्या सुमारास, वर्षाचा करार संपे आणि बिऱ्हाड हले. लागून असलेल्या प्रत्येक पॅरिशमध्ये तेच आडनाव तपासा. लग्न बहुधा वधूच्या गावी व्हायचं आणि पहिलं मूल पुष्कळदा तिच्या माहेरी बाप्तिस्मा घ्यायचं, त्यामुळे तिचं माहेर या वर्तुळात आधी घ्या.

आता प्रत्येक विल्यमचा पुढचा माग काढा. १८०१ चा लहानपणीच दफन झाला का? त्याच आईबापांनी पुढच्या मुलालाही विल्यमच नाव ठेवलं असेल तर पहिला बहुधा गेलेला. १८०५ चा शेजारच्या गावी लग्न करून १८५१ च्या गणनेत वेगळ्या बायकोबरोबर दिसतो का? उरतो तो आपला, पण उरलेले दोघे कसे बाद झाले हे नोंदीच्या संदर्भासह लिहून ठेवल्यावरच. सापडलं नाही त्याचीही नोंद करा: कोणत्या पॅरिशची, कोणत्या वर्षांची वही, मूळ पान पाहिलं की नुसती सूची.

दोन जोडपी एक झाली आहेत का हे मुलांच्या अंतरावरून कळतं. अंगावर पिणारं मूल असताना दोन बाळंतपणांत साधारण दोन ते अडीच वर्षं जायची. दहा-अकरा महिन्यांनी सलग मुलं दिसली, किंवा आईचं वय हिशेबाने पन्नासच्या पुढे गेलं, तर गावात जॉन आणि मेरी नावाची दोन जोडपी आहेत असं समजा. ‘सीनियर-ज्युनियर’ यावरून बापलेक ठरवू नका. ते चुलते-पुतणे असतील, किंवा नात्याचे नसतीलही. जुन्या कागदात ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही असतो.

इतरांनी ऑनलाइन टाकलेली झाडं वाचायला हरकत नाही, पुरावा म्हणून घेऊ नयेत. वीस जणांनी लिहिलेली गोष्ट बहुधा एकाचीच नक्कल असते.

गरिबांचे कागद सगळ्यात बोलके

श्रीमंत घराण्यांच्याच कहाण्या उरतात असा समज आहे. खेड्यातल्या मजुराबद्दल सगळ्यात जास्त माहिती तो मदत मागायला गेला तेव्हा लिहिली गेली. १८३४ पर्यंत गरिबांना पोसणं ही पॅरिशची जबाबदारी होती, आणि १६६२ च्या कायद्याने प्रत्येकाला ही मदत मागण्याच्या हक्काचं एकच गाव असे. हा हक्क बापाकडून यायचा, बाईला नवऱ्याकडून. अविवाहित नोकराने सबंध एक वर्ष एकाच मालकाकडे काम केलं, कुणी धंदा शिकण्यासाठी उमेदवारी केली, किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली, तर हा हक्क नव्याने मिळायचा. म्हणून काही मालक एक्कावन्न आठवड्यांचाच करार करत.

दुसऱ्या गावात कुणी हात पसरला की न्यायाधीशापुढे त्याची तपासणी व्हायची: जन्म कुठे, कुणाकडे किती काळ नोकरी, लग्न कधी, मुलं किती. हा जबाब म्हणजे अर्ध्या पानात आयुष्य. त्याला हक्काच्या गावी हाकलण्याच्या हुकमावर बायकोचं नाव आणि मुलांची वयंही असतात. अविवाहित गरोदर बाईला घाईने तिच्या गावी धाडलं जाई, कारण अनौरस मुलाचा हक्क जन्मगावावर पडायचा. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘बेसबॉर्न’, म्हणजे अनौरस, एवढंच असलं तरी बापाचं नाव तिच्या जबाबात किंवा बापाने पॅरिशला लिहून दिलेल्या हमीपत्रात मिळू शकतं. मुलाचं मधलं नाव आडनावासारखं असेल तर तोही इशारा समजा.

हे कागद कौंटीच्या अभिलेखागारात पॅरिशच्या दप्तरात ‘ओव्हरसियर्स’, म्हणजे गरिबांची मदत बघणारे पॅरिशचे कारभारी, या सदराखाली असतात. भांडण वाढलं असेल तर क्वार्टर सेशन्सच्या, म्हणजे कौंटीच्या तिमाही न्यायालयाच्या, कागदांत. सगळ्या गावांचे टिकलेले नाहीत. हुकूम दोन पॅरिशना मिळायचा, म्हणून ज्या गावी पाठवलं त्याचं दप्तरही बघा.

शेत, घर आणि दगड

१८३६ च्या टाइथ (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कायद्यानंतर, मुख्यतः १८५० पर्यंत, इंग्लंड-वेल्सच्या सुमारे तीनचतुर्थांश भागाचे गट नंबरवार नकाशे झाले. नकाशावर नंबर, सोबतच्या तक्त्यात मालक, वहिवाटदार, शेताचं नाव, पीक किंवा गवताळ, आणि क्षेत्र. आपल्याकडचा सातबारा वाचता येणाऱ्याला हा तक्ता जड जाणार नाही. क्षेत्र एकर, रूड, पर्च असं असतं: एक रूड म्हणजे पाव एकर, अर्थात दहा गुंठे, चार पर्च म्हणजे एक गुंठा. ‘झोपडी आणि बाग, ० एकर ० रूड २० पर्च’ म्हणजे पाच गुंठ्यांची जागा. वहिवाटदाराचं नाव १८४१ च्या गणनेशी लावून पाहा, मग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याच्या पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशावर ते घर शोधा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर हे नकाशे मोफत आहेत.

मृत्युपत्रांसाठी १२ जानेवारी १८५८ ही तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर सगळी एका राष्ट्रीय सूचीत. त्याआधी धर्मन्यायालयांत, त्यांपैकी कँटरबरीच्या न्यायालयाची नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ मालिकेत. आपला माणूस मजूर होता म्हणून सोडू नका. निपुत्रिक काकाच्या मृत्युपत्रात सगळे पुतणे नावानिशी येतात.

चर्चच्या आवारात मजुरांचे दगड क्वचितच असतात. असले तर उन्ह तिरपं असताना फोटो घ्या. कोरीव अक्षरं सावलीने उठतात. तारेचा ब्रश, ब्लीच, शेव्हिंग फोम यांनी दगड खराब होतो. स्थानिक कुटुंब-इतिहास संस्थांनी शिलालेखांच्या याद्या केलेल्या असतात. आज वाचता न येणारा दगड त्यांत सापडेल.

अभिलेखागारात जाण्याआधी जागा आरक्षित करा आणि नाव-पत्त्याचा पुरावा बरोबर घ्या. आत फक्त पेन्सिल चालते. मायक्रोफिल्म असेल तर मूळ वही मिळणार नाही. जे घरबसल्या फॅमिलीसर्च, अ‍ॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्टवर दिसतं त्यात तिथला दिवस घालवू नका. ओव्हरसियरचे कागद, बॅन्सच्या वह्या आणि मॅनरच्या न्यायालयाच्या गुंडाळ्या आधी मागवा. मॅनर म्हणजे जमीनदाराचा इलाखा. त्याची कूळवहिवाट, कॉपीहोल्ड, १९२६ पर्यंत कायद्यात होती, आणि कूळ मेलं की वारस कोण व नातं काय हे न्यायालयात लिहिलं जाई. काही मॅनरमध्ये जमीन धाकट्या मुलाला जायची, म्हणून वारस दिसला की त्याला थोरला धरू नका. कोणत्या मॅनरचे कागद कुठे आहेत हे नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये पॅरिशच्या नावाने शोधता येतं. एका पॅरिशमध्ये दोन-तीन मॅनर असू शकतात, सगळे तपासा.